प्रश्नाला एक मिनिट

संसदीय लोकशाहीत अध्यक्षांच्या घंटीपुढे सगळे सारखे असतात. निपाणीतल्या आमच्या कॉलेजात युवा संसद भरवायचं ठरलं तेव्हा ती घंटी माझ्याकडे आली; इतिहास शिकवणाऱ्याला वेळेची जाण असते असा प्राचार्यांचा समज होता.

नियम सोपे होते. प्रश्नाला एक मिनिट, उत्तराला दोन. प्रश्नोत्तरांना खरेपणा यावा म्हणून मंत्र्याच्या खुर्चीत भागातलेच एक पुढारी बसवले. त्यांनी कॉलेजला बाकं द्यायचं कबूल केलं होतं, हेही कारण होतंच.

तिसरा प्रश्न सदलग्याकडच्या एका वस्तीवरच्या मुलीचा. सकाळची बस त्यांच्या फाट्यावर थांबत नव्हती. रोज कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून यावं लागे आणि ते घरात चालेना. बस थांबली नाही तर परीक्षेनंतर कॉलेज बंद, असं वडिलांनी सांगितलं होतं. मला हे ठाऊक होतं. प्रश्न मीच तपासून दिला होता.

ती उभी राहिली. अध्यक्ष महोदय, मंत्री महोदय, प्राचार्य, व्यासपीठावरचे एकूण एक. मग तेच सगळं कन्नडमध्ये. आमच्या सीमाभागात तशी रीत आहे. सभेत दोन्ही भाषांची माणसं बसलेली असतात, एकालाच नमस्कार केला तर दुसरा रुसतो. नियम करताना ही रीत माझ्या ध्यानातच आली नव्हती. तिनं फाट्याचं नाव घेतलं आणि मिनिट भरलं. मी घंटी वाजवली. ती मुकाट खाली बसली.

मंत्री उठले. देशाचं भवितव्य, तरुणाई, आपण कसे अनवाणी शिकलो. दोन मिनिटं झाली, पाच झाली. शेजारचे कन्नडचे सर माझ्या कानाशी लागले.

"वाजीव की रं आता."

"तूच वाजीव."

"मी? बाकं यायची हाईत अजून. पोरं पोत्यावर बसवतोस व्हय?"

अकरा मिनिटं. माझं बोट घंटीवर होतं आणि तिथंच राहिलं. बसचा उल्लेख आला नाही. येणार कसा, कुणी विचारलंच नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याकडे आली. "सर, फाट्याचं नाव तेवढं झालं. प्रश्न न्हाईच झाला की."

"चल, साहेब अजून गाडीत बसतायत."

आम्ही दोघं अक्षरशः पळालो. गाडीची काच खाली आली. मी सांगू लागलो.

"अर्ज द्या," ते म्हणाले, आणि काच वर गेली.

अर्ज दिला. जूनमध्ये हजेरीपटात तिचं नाव नव्हतं. मी यादी दोनदा वाचली. मग एका सकाळी मी त्या फाट्यावर जाऊन उभा राहिलो. सात वाजून वीस मिनिटांनी बस न थांबता समोरून निघून गेली. वेळापत्रकाप्रमाणे ती अगदी वेळेवर होती.