सोफा बाहेर काढला तो रविवार

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरला मागे एक लहानसं अंगण होतं. तिथे कपडे वाळत, आणि उरलेल्या कोपऱ्यात माझं सुतारकाम चाले. ते मी सांगलीला वडिलांकडून शिकले होते. सासरी येताना त्यांचा रंधा, करवती आणि पटाश्या घेऊन आले. रविवारी ऑफिसला सुट्टी असली की बदली झालेल्या शेजाऱ्यांच्या सामानाची रिकामी खोकी मी सोडवायची आणि त्या फळ्यांची स्टुलं, मांडण्या करायची. मुलीचा पाळणाही तसाच झाला.

मग जो तो यमुनेपलीकडे फ्लॅट घ्यायला लागला. आम्हीही नोएडात घेतला, हप्ते दोघांच्या पगारातून. नकाशात स्वयंपाकघराला लागून नोकराची खोली होती. मी नवऱ्याला म्हटलं, "आपल्याकडे राहायला कोण बाई येणार आहे? ती खोली माझ्या कामाला."

"बिल्कुल. तुझीच," तो म्हणाला.

राहायला गेलो तेव्हा त्या खोलीत कॉम्प्युटर होता. भिंतभर सनमायकाचं कपाट, फिरती खुर्ची, वर एसी. मला न विचारता.

"अगं, आता घरोघरी कॉम्प्युटर येतोय. भुसा उडाला तर मशीन बंद पडेल. तुझं काय, बाल्कनीतही होईल."

माझी हत्यारं गोणत्यात बांधून माळ्यावर टाकलेली होती. पटाश्यांना धार लावून मी त्या कापडात गुंडाळून ठेवत असे. आता सगळ्या एकमेकींवर आपटून बोथट झाल्या होत्या. मी तेव्हा ओरडायला हवं होतं. गिळलं आणि बाल्कनीत टेबल मांडलं.

त्या वर्षी आमची बिल्डिंग दिवसभर थरथरायची. कुणी मार्बल कापतंय, कुणी मॉड्युलर किचन बसवतंय, ड्रिल तर सकाळपासून सुरू. त्याचा कुणाला त्रास नव्हता. माझ्या हातातल्या करवतीचा मात्र झाला. एका रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी आले. दार मी उघडलं होतं. कपड्यांवर भुसा, हातात काटकोन तपासायचा गुण्या. माझ्याकडे न पाहता, माझ्या खांद्यावरून ते आत नवऱ्याशी बोलले.

"भाईसाहब, भाभीजी को ज़रा समझाइए. अच्छा नहीं लगता. लोग पूछते हैं, घर में बढ़ई बिठा रखा है क्या?"

नवरा हसला. "मैं समझा दूँगा," म्हणाला. आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला मला सांगितलं.

चहा मी ठेवला नाही. सेक्रेटरी वाट पाहून गेले. नवरा चिडून भाजी आणायला बाहेर पडला. मी आणि मुलगी, दोघींनी हॉलमधला सोफासेट ओढत बाल्कनीत नेला. काचेची टीपॉय नेली. शोकेस भिंतीशी सरकवली आणि खिडकीखाली, भरपूर उजेडात, माझं टेबल आणून ठेवलं.

नवरा परत आला आणि दारातच थांबला. "हे काय?"

"कामाची जागा."

"लोक बसणार कुठे?"

"बाल्कनीत. माझं तिथे होत होतं ना, त्यांचंही होईल."

"वेड लागलंय तुला! लोक काय म्हणतील?"

"तू समजाव त्यांना."

सोफा तिथेच राहिला. जूनमधल्या गरम वाऱ्याची लू, नंतर पाऊस, सोफ्याचा स्पंज भिजून वास मारायला लागला. पाहुणे आले तर माझ्या स्टुलांवर बसत. सेक्रेटरी पुन्हा आले नाहीत. दिवाळीच्या सुमाराला नवरा एकदाचा म्हणाला, "चल, तू ती खोली घे. कॉम्प्युटर मी बेडरूममध्ये नेतो. पण हॉल मोकळा कर, यार."

मी टेप घेऊन त्या खोलीत गेले. खिडकी नव्हती. लांब फळी आडवी धरून वळताही येईना. कपाटाला पाठ लावून मी उभी राहिले आणि माझा संताप पुन्हा उसळला, या वेळी नुसत्या त्याच्यावर नाही, तर आम्हा दोघांच्याही डोक्यात बसलेल्या त्या नकाशावर. निम्मं घर माझ्या पगाराचं, आणि मी हौसेनं मागितलं काय, तर नोकरासाठी काढलेलं बिनखिडकीचं भोक! तेही देताना त्याच्या जिवावर आलं होतं.

"नको," मी म्हटलं. "मी हॉलमध्येच बरी आहे."

पुढच्या रविवारी मी जमिनीला ड्रिलनं भोकं पाडली आणि टेबल बोल्टनं पक्कं केलं.