पिशवीतली बिअर

न्युरेम्बर्गच्या ऑफिसात माझ्या शेजारी एक चिनी इंजिनिअर बसायचा. गाव चिंगदाओ, जिथे एकेकाळी जर्मनांचं राज्य होतं. कुणी काहीही म्हणो, तो आधी "गेनाऊ", म्हणजे जर्मनमध्ये "अगदी बरोबर", म्हणून मान डोलवायचा, मग स्वतःला हवं तेच करायचा.

उन्हाळी पार्टीत आमचे जर्मन साहेब त्याला म्हणाले, "तुमचं शहर आम्हीच बांधलं. बिअरही आम्हीच शिकवली."

"गेनाऊ," तो म्हणाला. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून त्याने ती पिंपाच्या तोटीखाली भरली, गाठ मारली आणि बोटाला लटकवली. "जुनी घरं पाडून टॉवर झाले, पण बिअर आम्ही अजून अशीच घरी नेतो."



पुढच्या उन्हाळ्यात साहेबांनीच विचारलं, "पिशवी आणलीस ना?"

त्याने खिशातून दोन काढल्या.