सावकाश हाताच्या भूलवाल्या बाई

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही गावांत भूलवाल्या बाईंइतकं सावकाश माणूस मी पाहिलं नाही. बोलावणं मात्र कायम घाईचं. तिकडे पेशंट टेबलावर, सर्जन हातमोजे घालून उभा, आणि इकडे बाई माझ्या रिक्षात मागे बसून म्हणायच्या, "गायकवाड, गाडी हळू घ्या. मी पोचल्याशिवाय कोणी कापत नाही."

छोट्या नर्सिंग होमना स्वतःचा भूल देणारा डॉक्टर परवडत नसे. बाई एकट्या सगळीकडे फिरायच्या आणि फिरवणारा मी. शाळा मी चौथीत सोडली, पण कान कधी बंद ठेवले नाहीत. बाई मोबाइलवर डॉक्टरांशी वाद घालायच्या, ते ऐकून ऐकून मला बरंच पाठ झालं. शिरेतून देतात ते दुधासारखं पांढरं औषध बीपी पाडतं, दुसरं एक असतं ते चढवतं. एकदा विचारलंच, "बाई, झोपेच्या औषधानं बीपी का पडतं?"

"नळाला पाणी तेवढंच, आणि पाइप एकदम रुंद केला. दाब राहील?"

"नाही राहणार."

"तसंच. रक्तवाहिन्या सैल पडतात, हृदयाचा जोरही थोडा उतरतो. म्हणून थोडं द्यायचं आणि वाट बघायची. म्हाताऱ्या माणसात औषध हातापासून डोक्यापर्यंत पोचायलाच वेळ लागतो. झोपला नाही म्हणून घाईनं आणखी ढकललं, की सगळं एकदम पोचतं. मग धावाधाव."

उल्हासनगरात एक सिंधी सर्जन होते. हात सोन्याचा, धीर काडीचा नाही. ते म्हणायचे, "मॅडम, सुलाना है, लोरी नहीं गानी." सिस्टर मला सांगायच्या, बाई सुईवरून नजर न काढता उत्तर द्यायच्या, "डॉक्टर, तुम्ही टाके घालून घरी जाता. जागं मला करायचंय."

'मला भीतीबीती नाही' म्हणणाऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "छाती पुढे काढणाऱ्याची नाडी आधी बघावी," म्हणायच्या. हे माझ्याकडे बघून म्हणायच्या की काय, ते मी कधी विचारलं नाही.

मग आमची मंडळी हेंद्रेपाड्यात नळावर घसरली. मांडीचं हाड मोडलं. तपासणीत निघालं की हृदयाची एक झडप अरुंद आहे, लहानपणच्या तापातली. एका डॉक्टरनं हातच वर केले, मुंबईला न्या म्हणाला. सिंधी डॉक्टर म्हणाले, "मॅडम हां बोलेंगी तो यहीं करूंगा." म्हणजे बायको जगते की जात्येय, ते बाईंवर आलं.

बाईंनी कागद वाचले, तिची छाती ऐकली. त्या बाहेर आल्यावर मी सरळ सांगितलं, "बाई, ते बीपी चढवणारं द्या. पाडणारं तिला चालायचं नाही."

"कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. रिक्षात."

"अर्धं ऐकलंत गायकवाड. ते बीपी चढवतं तशी नाडीही पळवतं. हिच्या हृदयाचं दार अरुंद. हृदय पळायला लागलं तर रक्ताला त्या दारातून पुढे जायला वेळच मिळत नाही. मागे फुप्फुसात तुंबतं. माणूस श्वासावाचून जातो."

"मग पाडणारं देणार?"

"तेही नाही."

"मग काय, जागेपणीच कापणार तिला?"

बाई हसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एक तिसरं औषध असतं म्हणाल्या, हृदयाला फारसा हात लावत नाही. ते त्यांनी मुंबईहून मागवलं. हृदयाच्या डॉक्टरांकडून नाडी आवरायच्या गोळ्या आधी सुरू केल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही फक्त बाहेर बसायचं. जमेल?"

मी बसलो नाही. उभा राहिलो.

त्या दिवशी बाईंनी इतका वेळ घेतला म्हणे की सिस्टरांना घाम फुटला. पण सिंधी डॉक्टर हातमोजे घालून वाट बघत उभे राहिले. दार उघडलं तेव्हा बाईंचा पदर खांद्यावरून घसरला होता आणि त्यांना भान नव्हतं. "जागी झाली. पाणी मागतेय, इतक्यात देऊ नका." पाया पडणाऱ्यांतला मी नाही. "रिक्षा लावतो," म्हटलं आणि खाली उतरलो. रिक्षा पहिल्या झटक्याला सुरू झाली नाही.

पुढे बाईंनी काम थांबवलं आणि लेकीकडे नाशिकला निघाल्या. मी निरोपाला गेलो नाही. असलं मला जमत नाही. मंडळी गेली, काठी टेकत, कात्रपला बाईंच्या घरी, एकटीच. बाईंनी दार उघडलं आणि विचारलं, "कोण आपण?"

हिनं नाव सांगितलं, पाय दाखवला. बाईंना काही आठवेना. खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सवयीनं मनगट हातात घेतलं. जरा वेळानं म्हणाल्या, "अगं, ती अरुंद झडप! गायकवाडांची तू! एकदाही पळाली नाही तुझी नाडी." आणि कितीतरी वेळ हात सोडलाच नाही.

दोघीही आता नाहीत. त्या दिवशी घरी येऊन बायकोनं हे सांगितलं तेव्हा मला रागच आला. म्हटलं, "ज्या बाईला तुझं तोंड आठवत नाही, तिच्याकडे कशाला गेलीस तंगडतोड करत?"

ती काठी कोपऱ्यात ठेवत म्हणाली, "तोंड काय, सगळ्यांनाच आठवतं."