होडीच्या फळीवरची लाट

समुद्र दिसणारं घर घेताना, त्याखाली कुणाचा किनारा गाडला गेलाय, हे तुम्ही कधी विचारलंत का? पनवेलला वीज गेली की मी मेणबत्ती लावते आणि त्या वासाने उरणकडची थंडीतली एक सकाळ आठवते. किनाऱ्यावर भराव पडणार होता, म्हणून मैत्रिणीच्या वडिलांनी आपली होडी मोडली होती आणि तिची एक रुंद फळी आम्हाला लाटांवर उभं राहायला दिली होती. पाय घसरू नयेत म्हणून आम्ही तिला मेणबत्ती चोळली. पाणी बोचरं गार होतं, पण लाटा कमरेएवढ्या, शिकणाऱ्याला सांभाळून घेणाऱ्या. मी फळीवर पाय ठेवणार तोच काका म्हणाले, "ए पोरी, आदी पाया पर. होरी हाय ती." मैत्रीण हसली, "बाबा, मोरली ना तुमी तिला?" "मोरली म्हनून काय झाला? आय हाय ती." मी वाकून नमस्कार केला, फळीवर उभी राहिले आणि लाटेने मला थेट वाळूपर्यंत आणलं. काकांनी फळी उचलली आणि रोज होडी ओढून ठेवायचे त्याच जागी नेऊन ठेवली. "उद्यापासना हिला ठेवाला जागा नाय," एवढंच बोलले. आता तिथे रस्ता आहे आणि काकांनी मला देऊन टाकलेली ती फळी माझ्या घरात भिंतीला टेकून आहे. पलीकडचा एक किनारा अजून उरलाय. त्याच्या भरावाची सुनावणी लागेल तेव्हा घरी बसू नका. या, आणि हरकत घ्या.