मावशी कोलंबी देत नाही

गिऱ्हाइकाला माल नाकारून धंदा करणारी बाई अख्ख्या डहाणूत एकच आहे, आणि माझ्या नशिबाने ती आमच्याच दारावर येते. धाकट्या डहाणूहून माशांची पाटी घेऊन येणारी ही मावशी मासे विकण्याआधी तब्येतीची उलटतपासणी घेते. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण गल्लीत कोणाचं कोलेस्टेरॉल किती, हे तोंडपाठ. समोरच्या गुजराती शेठाणी मासे खात नाहीत, तरी त्यांची सुटका नाही. "शेठानी, फाफडा कमी करा," एवढं सांगूनच ती पुढे सरकते. पोस्टातल्या साहेबांनी एकदा तळायला पापलेट मागितलं, तर "कालवन करनार असाल तर देते," म्हणून पाटी झाकून बसली. साहेबांना शपथ घ्यावी लागली.

गेल्या वर्षी मला दोन स्टेंट बसले, तेव्हापासून तर मी तिच्या खास ताब्यात आहे. डॉक्टरांनी दिलेला आहाराचा कागद तिने माझ्या बायकोकडून दोनदा वाचून घेतला. बांगडा, तारली, भरपूर भाजी, तेल कमी, कोलंबी बेताने. बेताची कोलंबी तिने साफ बंदच करून टाकली. पाटीत ताजी कोलंबी दिसत असते आणि माझ्या हातात पडतो बांगडा. अशाने तुझंच नुकसान होईल, असं सांगून पाहिलं. "मास्तर, गिऱ्हाईक जगला तर धंदा," ती म्हणाली. तिचा नवरा तांडेल होता, मासेमारीची बोट चालवायचा; तीन वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन गेला. त्यामुळे तिच्यावर चिडलो तरी माझा राग टिकत नाही.

तरी एका रविवारी मला राहवेना. फिरायला म्हणून आगरच्या मासळी बाजारात गेलो, अर्धा किलो कोलंबी आणली आणि बायको देवळात गेल्याचं पाहून कढईत तेल ओतलं. वास सुटला आणि मावशी दारात हजर. वाटलं, आता गल्ली गोळा होणार. पण ती पाटी उतरवून दारातल्या ओट्यावर बसली.

"माजा मालक तळलेली कोलंबीच मागायचा," ती म्हणाली. "डॉक्टर नको बोललेला. पन दर्यावरून आलेल्या मानसाला ताटावर नाय कसं बोलायचं? मी देत गेली."

मी गॅस बंद केला. कोलंबी गल्लीतल्या मांजरांना गेली. मावशीने दोन बांगडे कापून दिले, देवळातून आलेल्या बायकोने कालवण केलं आणि माझं जेवण होईपर्यंत मावशी तिथेच बसून राहिली. पाटीतले मासे उन्हाने मऊ पडत होते. जा म्हटलं तरी उठेना. मला फार लाज वाटली.

अजूनही ती आली की मी कोलंबी मागतो. खाण्याची हौस आता फारशी उरलेली नाही. पण तिला नाही म्हणता यावं, म्हणून मागतो.