जामीनकतब्यावरचा अंगठा

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, हे एक मात्र स्वच्छ वेगळं आठवतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. सायखेड्याच्या बाजूला, गोदाकाठच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. जवळच्या गावात पोलीस पाटलाची जागा रिकामी होती आणि एका शेतकऱ्याचा अर्ज चारित्र्य पडताळणीसाठी माझ्याकडे आला होता. सगळं गाव त्याला दादा म्हणे. भांडण झालं की लोक ठाण्याऐवजी आधी त्याच्या ओट्यावर जात, त्यामुळे माझं कामही हलकं होई. मी शिफारस लिहायलाच घेतली होती.

त्याच आठवड्यात निनावी पत्र आलं. ‘ज्याला पाटील करताय, तो सुरगाण्याकडचा फरारी आहे.’ अशी पत्रं बहुधा जळफळाटातून येतात, हेही तसंच वाटत होतं. पण जळफळाटात लिहिलेलं खोटंच असतं असं नाही. मी तिकडून कागद मागवले.

अकरा वर्षांपूर्वी आठवडे बाजारात दारूच्या नशेत एकाचं डोकं फोडल्याचा गुन्हा होता. आरोपी जामिनावर सुटला, दुष्काळात पोटासाठी मुलूख सोडून गेला आणि तारखेला हजर झाला नाही. कोर्टाने अटक वॉरंट काढलं. तेव्हापासून दरवर्षी एक शिपाई त्याच्या पाड्यावर जाई, दारातूनच विचारी आणि परत येऊन लिही, ‘सदर इसम मिळून येत नाही.’ हे वाक्य लिहायला आमच्या खात्यात शाई कधी कमी पडली नाही.

वॉरंटावर हाक मारायचं नाव होतं, अर्जावर दुसरंच. बापाचं नाव तेवढं जुळत होतं. जामीनकतब्यावर, म्हणजे जामिनाच्या कागदावर, आरोपीचा अंगठा होता. अर्जावर मात्र ठसठशीत सही. माझे हवालदार खूश झाले.

‘‘साहेब, त्यो अंगठेबहाद्दर. आपले दादा तर गावाला पेपर वाचून दाखवत्यात. मानूसच येगळा हाय. द्या सोडून.’’

सोडून द्यायचा मोह मलाही झाला, हे लपवत नाही. तरी दादांना बोलावलं. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, खुर्ची दिली तरी तिच्या काठावर बसलेले. मूळ गाव विचारलं, तर ‘वरच्या अंगाला’ म्हणाले. वॉरंटावरचं नाव वाचून दाखवलं.

‘‘आसंल कुनी, साहेब.’’

बस्स, एवढंच. चौकशीत खोटं बोलणारा माणूस भरभरून बोलतो, शपथा घेतो, कोणाचं तरी नाव पुढे करतो. यांनी त्यातलं काहीच केलं नाही. मी ओळखलं, पण ओळखणं म्हणजे पुरावा नव्हे. ‘तो इसम मी नाही’ असा जबाब लिहिला, वाचून दाखवला आणि सहीसाठी पेन पुढे केलं.

त्यांनी पेन घेतलं. ‘मी नाही’ या शब्दांवर बोट ठेवून ती ओळ स्वतः वाचली. मग पेन खाली ठेवून टेबलावरचं शाईचं पॅड स्वतःच ओढलं आणि डावा अंगठा त्यात दाबला.

‘‘जबाब फाडा साहेब, दुसरा लिहा. त्याच्यावर अंगठाच घ्या. त्या कागदावर ह्योच हाय, जुळवून बघा.’’

हवालदारांनी मान फिरवली. मी नवा जबाब लिहिला. अटक करतो म्हणालो, तेव्हा ते एवढंच बोलले, ‘‘पाटीलकी गेली तर जाऊ द्या. घरी एकदा सांगू द्या. तिला यातलं काय बी ठाव नाय.’’

मी बेडी घातली नाही. हवालदार आणि मी, दोघेही साध्या कपड्यांत त्यांच्याबरोबर घरी गेलो. त्यांच्या बायकोने, वहिनींनी, सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं.

‘‘लग्न झाल्यापून पाटीवर बोट धरून अक्षरं गिरवून घेतली मी तुमच्याकडनं. दारू सोडवली. आन् येवढं येक मला सांगता नाय आलं?’’

बाई आत गेल्या. आता दार लावून घेतात की काय, असं मला वाटलं. त्या फडक्यात भाकरी बांधून बाहेर आल्या. ‘‘चला. म्या बी येते.’’

दुसऱ्या दिवशी एसटीने सुरगाण्याच्या कोर्टात नेलं. दादांनी गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी मधल्या वर्षांची चौकशी केली, मी जे खरं ते सांगितलं. शिक्षा झाली: कोर्ट उठेपर्यंत बसून राहायचं. वॉरंट रद्द. पाटीलकी मात्र गेलीच. माझी शिफारस मी स्वतः मागे घेतली आणि त्याचं मला वाईट वाटलं.

दादा मागच्या बाकावर दिवसभर बसले. पाण्यालाही उठले नाहीत. शेजारी वहिनी. त्याही जागच्या हलल्या नाहीत. या प्रकरणाने मला एक शिकवलं. फरारी माणूस पोलिसांपासून पळतो असं आम्ही धरून चालतो; हा माणूस घरच्यांच्या नजरेपासून पळत होता, आणि ते पळणं कोणत्याही शिपायाला सापडणारं नव्हतं.

संध्याकाळी न्यायाधीश उठून गेले. कारकुनांनी दप्तरं बांधली, शिपाई खिडक्या लावू लागला. दादा तसेच बसलेले.

‘‘साहेब, उठलं का कोर्ट?’’

‘‘कधीच उठलं, दादा.’’

त्यांनी माझ्याकडे नाही, बायकोकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘‘उठा आता,’’ आणि मगच ते उठले.