बाईंच्या दोन सह्या
कपाट आवरताना लेकीची दुसरीतली डायरी हाती लागली, खाकी कव्हरला अजून डिंकाचा वास, आणि डिलाईल रोडच्या शाळेतली ती पालकसभा आठवली. मी टेलरच्या दुकानात कटिंग करते. हाफ डे टाकून, केसांत कापडाचे धागे तसेच घेऊन मी त्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसले होते. बाईंनी डायरी पुढे सरकवली. लाल पेनाने लिहिलं होतं, 'मुलगी वर्गात सारखी उठून उभी राहते, पालकांनी समज द्यावी', आणि खाली त्यांची सही. "इथे तुमची सही करा, बाकीचे पालक थांबलेत." मी विचारलं, "उभी राहून ती लिहिते की नाही?" "लिहिते हो, पण शिस्त नको का?" माझं डोकंच सटकलं. "बाई, मी दिवसभर उभी राहून कापड कापते. मला नाही कोणी समज देत." मग त्यांचंच लाल पेन उचलून मी खाली लिहिलं, 'मुलीचं लक्ष उभ्यानेच लागतं. तिला मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून लिहू द्यावं. शिक्षकांनी सही करावी', आणि डायरी परत सरकवली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग पेन हातात घेतलं. लेक आता कॉलेजात आहे, अजून ओट्याशी उभी राहूनच अभ्यास करते. आज ते पान नीट पाहिलं. बाईंच्या दोन सह्या आहेत, माझी एकही नाही.